साधारण चालणाऱ्याची वेळ

त्याला सगळे वाटाड्या म्हणत. प्रकाशकाच्या ऑफिसात म्हणत, घराखालच्या बूट दुरुस्तीच्या दुकानात म्हणत, आणि मेहुणी तर तोंडावर भाऊजी म्हणायची आणि पाठ फिरली की वाटाड्या. त्याला त्याचं वाईट वाटत नसे. वाईट वाटण्यासारखं होतं काय त्यात? देशातल्या बेचाळीस पायवाटा त्याने स्वतःच्या पायांनी मोजून एका पुस्तकात घातल्या होत्या आणि ते पुस्तक अठ्ठावीस वर्षं खपत होतं. सुट्टीच्या दिवशी कुठल्याही डोंगराच्या पायथ्याशी जा, दोन-चार जणांच्या हातात त्याचं हिरवं पुस्तक दिसणारच.

पुस्तक तसं रूक्ष होतं. वाट कुठून सुटते, पाणी कुठे आहे, सावली कुठे संपते, कुठल्या फाट्यावर पायाखालची रुंद वाट सोडून डावीकडची अरुंद धरायची, एवढंच त्यात असे. ‘सुंदर’ हा शब्द त्याने अठ्ठावीस वर्षांत एकदाही वापरला नव्हता. सुंदर आहे की नाही ते माणसाला तिथे पोचल्यावर कळेल, आपलं काम त्याला पोचवायचं, असं तो म्हणे. पण वाटा सुंदरच होत्या. समुद्रकड्यावरची एक होती, तिच्यावर चालताना चार तास डाव्या हाताला खाली पाणी आपटत असतं आणि उजवीकडे कमरेएवढं गवत. दलदलीवर लाकडी फळ्या टाकून केलेली एक, तिच्यावर उभं राहिलं की पायाखालून बेडूक उडी मारल्याचा आवाज येई. बंद पडलेल्या दगडखाणीतून जाणारी, पाइनच्या धारेवरून दोन दऱ्या दाखवत जाणारी, तळ्याला पूर्ण वळसा घालून जिथून निघालो तिथेच आणून सोडणारी. या सगळ्या त्याला आपल्या तळहाताइतक्या पाठ होत्या, असा त्याचा समज होता.

पहिल्या आवृत्तीत मात्र त्याने एक घोळ करून ठेवला. वाटेला किती वेळ लागतो ते लिहिताना स्वतःचाच वेळ लिहिला. आता हा माणूस म्हणजे पायाला भिंगरी बांधलेला. लोक पुस्तकावर विसंबून दुपारी निघाले आणि काळोखात झाडाखाली बसून राहिले. एका निवृत्त शिक्षकाने प्रकाशकाला पत्र लिहिलं की आपलं पुस्तक माणसांसाठी आहे की शेळ्यांसाठी, ते कृपया मुखपृष्ठावर छापावं.

प्रकाशकाने त्याला बोलावून ते पत्र वाचून दाखवलं आणि सांगितलं, एक साधारण माणूस शोधा. तरुण नको, म्हातारा नको, पैलवान नको, रडका नको. त्याला चालवा आणि त्याची वेळ छापा. वाटाड्याने दोन दिवस असा माणूस शोधला. ओळखीतला प्रत्येक जण काही ना काही बाबतीत असाधारण निघाला. तिसऱ्या दिवशी सकाळी बायको त्याच्यापुढे चहाचा कप ठेवत होती, तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

बायको ग्रंथालयात फाटकी पुस्तकं शिवून पुन्हा उभी करायच्या कामावर होती. बैठं काम, मध्यम बांधा, गुडघे ठीक. चालताना तिला घाईही नसे आणि कंटाळाही नसे. झऱ्याशी थांबायची, पक्षी दिसला तर थांबायची, बूट सैल झाला तर बसून नीट बांधायची, आणि हे सगळं धरूनच साधारण माणसाची वेळ होते. प्रकाशक खूश झाला. पुढच्या आवृत्तीपासून पुस्तकाच्या पहिल्या पानावर ओळ आली: ‘यातल्या सर्व वेळा साधारण चालणाऱ्याच्या आहेत.’ ती ओळ वाचून बायको बहिणीला म्हणाली होती, की तुझ्या नशिबी नुसता नवरा आला, मी मात्र या देशाची छापील साधारण बाई झाले.

कामाची पद्धत त्यांनी तेव्हा ठरवली आणि पुढे कधी मोडली नाही. दोघं एकत्र निघायची. तो अंतर मोजायचं चाक ढकलत आपल्या चालीने पुढे जाई, ती आपल्या चालीने मागून येई. तिच्या हातात घड्याळ नसे. त्याने हाका मारायच्या नाहीत, तिने किती वाजले विचारायचं नाही. वाट संपते तिथल्या खांबाशी तो वही उघडून बसे आणि ती पोचली की मिनिट लिहून घेई. वहीत तीन रकाने होते. पहिल्यात स्वतःची वेळ, ती निव्वळ जुन्या सवयीने. दुसऱ्यात तिची, ती छापायची. तिसऱ्यात शेरा. दर वर्षी चौदा वाटा, म्हणजे तीन वर्षांत बेचाळीस पुऱ्या, की पुन्हा पहिल्यापासून. मूल झालं नाही त्यांना. सुट्ट्या सगळ्या अशा वाटांवर गेल्या, आणि दोघांनाही त्या वाया गेल्या असं कधी वाटलं नाही.

आणि आता त्याच बाईच्या पायांच्या नसा सुकत चालल्या होत्या.

ती पडली ग्रंथालयाच्या पायरीवर, आणि मग तीन महिन्यांत तीनदा पडली. शेवटी मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी सुया टोचून, तारा लावून तपासलं आणि आजाराचं लांबलचक नाव एका चिठ्ठीवर लिहून दिलं. बरा होणारा नव्हता तो. पाय आधी जातात, मग हात, मग श्वास घेण्याची ताकद. पण एक औषध निघालं होतं, आजाराला जागच्या जागी धरून ठेवणारं.

“मला एकच गोष्ट हवी आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पहिली खूण कधी दिसली ती. दोन वर्षांच्या आतली असेल तर औषध लागू पडतं. काठी घेऊन का होईना, या पुढची वीस वर्षं चालतील. दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर देता येत नाही. नसा तोवर औषध घेण्याच्या पलीकडे गेलेल्या असतात, आणि ते औषध मग नुसती मूत्रपिंडं खातं. वर्षभरात माणूस जातो.”

वाटाड्याने विचारलं की एवढ्या तपासण्या केल्या, त्यांतून हे कळत नाही का. त्या म्हणाल्या, तपासणीतून आजार कळतो, आजाराचं वय कळत नाही. घरच्यांना विचारा, शेजाऱ्यांना विचारा, डोकं शांत ठेवून आठवा आणि शुक्रवारी या.

तर असा तो आठवडा. घरातली माणसं तारखा शोधायला लागली. हरवलेली किल्ली शोधतात तशी, जिथे तिथे हात घालून. सगळ्यांना हवी असलेली तारीख एकच होती, ती फक्त सापडायची बाकी होती.

मेहुणी सोमवारी सकाळीच येऊन ठाकली. ही बाई तोंडाची फटकळ, पण बहिणीवर जीव टाकणारी. आल्या आल्या तिने पुरावा टेबलावर ठेवला. तिने घर बदललं त्याला वीस महिने झाले होते. त्या दिवशी लिफ्ट बंद होती आणि ताईने कपाटाचे सगळे खण एकटीने तीन मजले वर नेले होते. आजारी पाय कुठे असे चढतात? बायकोलाही ते आठवलं. दुसऱ्या दिवशी पिंढऱ्या दुखल्या होत्या म्हणाली, पण त्या तर सगळ्यांच्याच दुखल्या होत्या. मेहुणी म्हणाली, माझ्या तर अजून दुखतात.

मग वाटाड्या खाली बूटवाल्याकडे गेला. बूटवाल्याची एक खोड होती, तळ बदलला की आतल्या पट्टीखाली तो पेन्सिलीने तारीख घालायचा, म्हणजे गिऱ्हाईक सहा महिन्यांत भांडायला आलं तर तोंड बंद करता येतं. त्याने वाटाड्याच्या बायकोचे चालायचे बूट मागवून घेतले, पट्टी उचलली, चष्मा कपाळावर चढवून वाचलं. सोळा महिने. तेव्हा पहिल्यांदा उजव्या बुटाची चोच घासलेली आली होती, तो म्हणाला. पाय उचलला जात नसला की चोच घासते. त्याआधी वहिनींच्या टाचा घासायच्या, चार लोकांच्या घासतात तशा.

सोळा महिने! वाटाड्या जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढून वर आला. बायकोने ते ऐकलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. गेल्या महिन्याभरात ती पहिल्यांदा मोकळेपणाने हसली. मेहुणीने लगेच पुढच्या वीस वर्षांची आखणी सुरू केली, काठी कुठल्या लाकडाची घ्यायची इथपासून. पुढच्या आवृत्तीत ‘काठी घेऊन चालणाऱ्याची वेळ’ असा वेगळा रकाना घाला म्हणाली, खप वाढेल.

“आणि भाऊजी,” जाता जाता तिने सांगितलं, “तुमच्याकडे तर ताईचं मिनिट न् मिनिट लिहिलेलं आहे. बूटवाल्याच्या पेन्सिलीपेक्षा तेच दाखवा की. दोन वर्षांपूर्वी बाई कशी टणाटण चालत होती ते त्या डॉक्टरीणबाईंना दिसू दे.”

हे त्याला फारच पटलं. इतके दिवस घरात सगळे आठवणींवर बोलत होते आणि त्याच्यासारख्या माणसाला आठवणीचा काय भरवसा? मोजलेलं ते खरं. आपल्या हातून या प्रकरणात काहीतरी उपयोगाचं होणार, या कल्पनेने तो महिन्याभरात प्रथमच ताठ चालला. माणूस स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायला किती उत्साहाने निघतो ते पाहावं.

गुरुवारी दुपारी जेवण झाल्यावर त्याने वह्यांचं कपाट उघडलं. बायको पलीकडच्या खोलीत खुर्चीवर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती. त्याने सव्वादोन वर्षांपूर्वीची वही काढली, कारण दोन वर्षांच्या सीमेच्या अलीकडे-पलीकडे तिची चाल ठीक होती एवढंच दाखवायचं होतं. पान उघडलं ते समुद्रकड्याच्या वाटेचं. तिची वेळ, चार तास चाळीस मिनिटं. त्याने त्याच वाटेची आधीच्या फेरीतली वही काढली, तिच्याही तीन वर्षं मागची. तीन तास पंचावन्न.

पाऊण तासाचा फरक पाहून त्याला धस्स झालं नाही. कारण शेऱ्यात त्याच्याच अक्षरात कारण लिहिलेलं होतं: ‘कड्यावरची वाळू सैल झाली आहे. वेळ वाढवावी.’ हां, म्हणजे ती वाट बिघडली होती, तिचा पुरावा चालणार नाही. दुसरी बघू. त्याच वर्षातली खाणीची वाट. तीही अर्ध्या तासाने वाढलेली. ‘पायऱ्या झिजल्या. वेळ वाढवावी.’ तळ्याची वाट, पंचवीस मिनिटं. ‘काठ चिखलाचा झाला.’ त्याने एक पान मागे उलटलं आणि तेव्हा कुठे त्याची नजर पहिल्या रकान्यावर गेली. त्याच्या स्वतःच्या वेळेचा रकाना. तो छापायचा नसल्यामुळे लिहून झाल्यावर त्याच्याकडे त्याने कधी वळून पाहिलंच नव्हतं.

समुद्रकडा, दोन तास पन्नास. तीन वर्षांपूर्वी, दोन तास पन्नास. त्याच्याही तीन वर्षांपूर्वी, दोन तास अठ्ठेचाळीस.

वाळू सैल झाली होती तर ती त्याच्या पायांखाली का सैल झाली नव्हती?

तो मग जमिनीवरच बसला आणि एकामागून एक वह्या काढत गेला. खाणीच्या पायऱ्या फक्त तिच्यासाठी झिजल्या होत्या. तळ्याचा चिखल फक्त तिला लागला होता. तीन वर्षांमागची दलदलीवरची फळ्यांची वाट, टेबलासारखी सपाट, तीही वीस मिनिटांनी लांबली होती आणि शेरा होता, ‘फळ्या कुजत चालल्या.’ तो स्वतः त्या फळ्यांवरून चाक ढकलत नेहमीच्याच मिनिटाला पलीकडे पोचला होता. दर वर्षी वाटा वेगळ्या, त्यामुळे प्रत्येक वाट एकेकटी बिघडल्यासारखी दिसली होती. चौदा वाटा एका वर्षात बिघडतात, पुढच्या वर्षी दुसऱ्या चौदा त्याहून जास्त बिघडतात, आणि हा शहाणा शेरे लिहीत बसतो. वाचकांची पत्रंही आली होती. ‘आपल्या वेळेपेक्षा तासभर आधी पोचलो.’ ‘हल्ली आपण वेळा फार सढळ देता.’ त्या प्रत्येकाला त्याने उत्तर धाडलं होतं, की आपण तरुण दिसता, हे पुस्तक साधारण माणसासाठी आहे.

सगळ्यात मागे, साडेचार वर्षांपूर्वीच्या वसंतात, पाइनची धार होती. आधीच्या फेरीत चार पन्नास, या वेळी पाच बारा. ‘मुळं वर आली आहेत. वेळ वाढवावी.’ त्याच्याआधी मात्र पंचवीस पानं उलटली तरी तिच्या वेळेत पाच मिनिटांच्या वर फरक नव्हता.

त्याने वयावर ढकलायचा प्रयत्न केला. वय सगळ्यांचं वाढतं. पण तो तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा होता आणि त्याचा रकाना जागचा हलला नव्हता. मूळ वेळेच्या मानाने प्रत्येक वाट किती लांबली त्याचे कागदावर ठिपके मांडून पाहिले. पाइनच्या धारेपासून ते ठिपके सरळ वर चढत गेले होते, आणि उतार नावाची गोष्ट त्यात कुठेच नव्हती.

पलीकडून तिने विचारलं, “सापडलं का?”

“बघतोय,” तो म्हणाला. त्याचा आवाज बरा निघाला याचंच त्याला आश्चर्य वाटलं. आयुष्यात प्रथमच त्याला स्वतःची इतकी किळस आली की तोंड धुवावंसं वाटलं, आणि तो खरंच उठून धुऊन आला.

त्या संध्याकाळी त्याने वह्या परत कपाटात लावून ठेवल्या. शुक्रवारी सकाळी वह्या पिशवीत घातल्या, पुन्हा काढल्या, पुन्हा घातल्या. इस्पितळापर्यंतच्या रस्त्यात त्याने मनाशी गप्प राहायचं ठरवून टाकलं. खोटं कोण बोलत होतं? मेहुणीने खण चढवताना पाहिले ते खरं होतं. बूटवाल्याची पेन्सिल खरी होती. दोन साक्षीदार दोन वर्षांच्या आतली तारीख देत होते, तिसऱ्याला कुणी विचारलंच नव्हतं. उशीर झाला असेल तर तेच औषध जीव घेतं, हे डॉक्टरीणबाईंचं बोलणं त्याने मनाजवळ फिरकू दिलं नाही. बायको त्याच्या दंडाला धरून हळूहळू चालत होती आणि आज छान ऊन आहे म्हणाली. काठीशिवाय चालायचे दिवस तिचे आता थोडेच राहिले होते, पण चालायचे बरेच राहिले आहेत असं तिला वाटत होतं, आणि तेच वाटत राहावं म्हणून तो जिभेला दाताखाली धरून चालला.

डॉक्टरीणबाईंची खोली लहान होती. टेबल, तपासायचा पलंग, खिडकीत कागदांची चवड. बायकोने सगळं व्यवस्थित सांगितलं, घर बदललं ते, खण चढवले ते, बुटाची चोच. डॉक्टरीणबाईंनी बुटाची गोष्ट दोनदा विचारली, फॉर्मवर लिहिलं, आणि त्यांचा चेहरा सैल झाला.

“सोळा ते वीस महिने,” त्या म्हणाल्या. “वेळेत आलात. सोमवारपासून सुरू करू.”

बायकोने वळून वाटाड्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. त्याला ते बघवेना.

“समजा,” तो म्हणाला, “समजा चार वर्षं झाली असतील. साडेचार. तर?”

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. “तर मी सोमवारपासून यांना विष देत असेन. का?”

त्याने पिशवी उघडली. वह्या टेबलावर ठेवल्या. समजावून सांगताना तो अडखळला नाही. ते त्याला येतच होतं. हा माझा रकाना, हा हिचा, ही तारीख, हे अंतर चाकाने मोजलेलं. डॉक्टरीणबाईंनी सावकाश पानं उलटली. पाइनच्या धारेशी थांबल्या, पुढे गेल्या, पुन्हा मागे आल्या. बायकोने आता कुणाकडेच पाहिलं नाही, वह्यांकडेसुद्धा.

“इतका नीट लिहिलेला आजार मी कुणाचाच पाहिलेला नाही,” डॉक्टरीणबाई शेवटी म्हणाल्या. त्यांना ते बोलून पश्चात्ताप झाला असावा, कारण लगेच त्यांनी फॉर्म उलटा करून बाजूला ठेवला. मग हळू आवाजात त्यांनी सांगायचं ते सांगितलं. औषध देता येणार नाही. खुर्चीची सोय लवकर करावी. श्वासाचा त्रास कधी सुरू होईल ते सांगता येत नाही, पण वह्यांतल्या वेळांच्या या चढावरून दोन वर्षं धरावीत. वाटाड्याने विचारलं की साडेचार वर्षांपूर्वी, या पानाच्या वेळेला आलो असतो तर. त्या म्हणाल्या, औषध तेव्हा निघालेलं होतं. एवढंच म्हणाल्या.

बाहेर लांब मार्गिकेत भिंतीला लागून बाक होते. ती एका बाकावर बसली, तो शेजारी बसला, पिशवी दोघांच्या मधे. समोरून एक सफाईवाली ओलं फडकं सारत गेली आणि यांना पाय उचलायला सांगून थांबली. त्याने उचलले. तिचे उचलायला वेळ लागला, तेव्हा सफाईवाली राहू दे म्हणाली आणि वळसा घालून पुढे गेली.

आता ती काय म्हणणार याची तो वाट पाहत होता. तुम्ही गप्प राहिला असतात तर, असं म्हणेल. नाहीतर, एवढी वर्षं तुम्ही बघत काय होतात, असं म्हणेल. दोन्ही ऐकायची त्याची तयारी होती.

“मला कळलं होतं,” ती म्हणाली.

“काय?”

“पाइनच्या धारेवर. शेवटच्या चढाला उजवा पाय उचलेचना. हातांनी मांडी धरून उचलला मी, दोन-तीनदा. बसून रडलेसुद्धा थोडी. काहीतरी वाईट आहे हे, असं मनात आलं. ठरवलं, खांबाशी पोचले की तुम्हाला सांगायचंच. पोचले तर तुम्ही लिहीत होतात. मान वर न करता म्हणालात, ‘वाट बिघडलीय गं, मुळं वर आलीत.’”

त्याला ते आठवत नव्हतं. शेरा आठवत होता, बोललेलं आठवत नव्हतं.

“इतकं बरं वाटलं मला, काय सांगू. वाटलं, चला, वाटच बिघडलीय. मग पुढच्या वेळी दलदलीत तसंच झालं, तर तुम्ही म्हणालात फळ्या कुजल्या. दर वेळी मी घाबरत घाबरत यायची आणि दर वेळी तुम्ही काहीतरी सांगायचात.” तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. “वाटांमधलं तुमच्याइतकं कुणाला कळतं?”

तो गुडघ्यांवर कोपरं टेकून बसून राहिला. माफ कर म्हणावंसं वाटलं, पण माफी मागायला निदान काहीतरी परत देता यावं लागतं. मार्गिकेच्या टोकाला कुणीतरी दार उघडलं आणि उजेडाची पट्टी आत आली. तिने त्या बाजूला पाहिलं, मग पिशवीतल्या वह्यांच्या कडांवरून बोट फिरवलं. पुस्तकं शिवणारीचं बोट, शिवण तपासावी तसं.

“आता काय लिहाल?” तिने विचारलं.

“वेळा दुरुस्त करायला हव्यात,” तो म्हणाला. “शेरे काढायला हवेत.”

“सगळे?”

“सगळे.”

“एखादी तरी असेल ना,” ती म्हणाली, “खरंच बिघडलेली. कड्यावरची वाळू? ती मला खरंच सैल लागली होती.”

त्याला खोटं बोलायचं होतं. खोलीत बोलला नाही तेवढं खोटं इथे, या बाकावर, एका वाटेपुरतं बोलावं असं त्याला मनापासून वाटलं. पण तिने त्याच्याकडे पाहिलं होतं, आणि ती विचारत होती ते त्याला, वाटाड्याला.

“नाही,” तो म्हणाला. “वाळू होती तशीच आहे. सगळ्या वाटा चांगल्या आहेत.”

डॉक्टरीणबाईंसमोर ती रडली नव्हती. ती आता रडायला लागली.